बंद पडलेल्या जाळ्यात शिरायचं कसं?

८ जुलै २०२२, शुक्रवारची पहाट. कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या नेटवर्कच्या गाभ्याचं नूतनीकरण सात टप्प्यांत चाललं होतं. पाच टप्पे निर्विघ्न पार पडले होते, हा सहावा. काम हाती घेताना कंपनीने ते जास्त जोखमीचं म्हणून नोंदवलं होतं. पण मागचे टप्पे सुरळीत गेले, म्हणून जोखीम ठरवणाऱ्या संगणकीय पद्धतीने सहाव्या टप्प्यावर ‘कमी जोखीम’ असा शिक्का मारला. चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी बदल केला गेला आणि त्यात काही राउटरवरची एक गाळणी पुसली गेली. कोणत्या मार्गांची माहिती पुढे जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची, हे ती गाळणी ठरवत असे. ती जाताच साऱ्या इंटरनेटच्या मार्गांच्या माहितीचा लोंढा गाभ्यातल्या राउटरवर कोसळला, त्यांची ताकद संपली आणि पावणेपाचला देशातलं एक प्रचंड नेटवर्क आडवं झालं.

१ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचे मोबाइल, घरचं इंटरनेट, लँडलाइन बंद. दुकानांत डेबिट कार्ड चालेना, कारण इंटरॅक ही पेमेंटची यंत्रणा रॉजर्सच्या वाहिन्यांवर अवलंबून होती. ९११ या आपत्कालीन क्रमांकावर अनेकांचे फोन लागेनात. टॉवर जिवंत दिसत असल्यामुळे मोबाइल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याकडे वळतही नव्हते. टोरांटोच्या रॉजर्स सेंटरमध्ये त्या संध्याकाळी ‘द वीकेंड’ या गायकाचा कार्यक्रम होता, तोही पुढे ढकलावा लागला. इमारतीवर जिचं नाव, तिच्यामुळेच.

आपला विषय आहे त्यानंतरचे चौदा तास.

रॉजर्सकडे तज्ज्ञ होते, साधनं होती. पण राउटरपर्यंत पोचायची त्यांची वाट त्याच पडलेल्या गाभ्यातून जात होती. काय बिघडलं हे राउटरने आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवलं होतं. तो लॉग वाचायला राउटरमध्ये शिरता येत नव्हतं. अभियंत्यांच्या खिशातले फोन रॉजर्सचे, घरचं इंटरनेट रॉजर्सचं. एकमेकांशी बोलणंसुद्धा अवघड झालं. दुसऱ्या कंपन्यांची सिम कार्डं वाटावी लागली, माणसांना उठून केंद्रांवर जावं लागलं. लॉग हाती येऊन मूळ कारण कळायला सुमारे १४ तास लागले. पुढे सीआरटीसी या कॅनडाच्या नियामकासाठी झालेल्या स्वतंत्र तपासणीच्या अहवालाने याच दुखण्यावर बोट ठेवलं: जाळं सांभाळण्याची व्यवस्था त्याच जाळ्यावर उभी होती.

चूक कोणाकडूनही होते. चूक झाल्यावर आत शिरायला वेगळी वाट ठेवलेली नसणं हा मात्र रचनेचा दोष. अशी वेगळी वाट बांधण्याच्या शास्त्राला नेटवर्कवाले ‘आउट-ऑफ-बँड मॅनेजमेंट’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात नुसतं ओओबी.

एरवी काम कसं चालतं, ते आधी पाहू. पुण्यात बसलेल्या अ‍ॅडमिनला नागपूरच्या शाखेतल्या राउटरमध्ये काही बदलायचं असेल, तर तो आपल्या लॅपटॉपवरून एसएसएच नावाच्या सुरक्षित पद्धतीने त्या राउटरमध्ये लॉग इन करतो. त्याचे आदेश ज्या तारेवरून जातात, तिच्यावरूनच शाखेच्या ईमेल, बिलं आणि सीसीटीव्हीची चित्रंही जातात. याला ‘इन-बँड’ म्हणतात. सोपं, स्वस्त, आणि शंभरातले नव्याण्णव दिवस पुरेसं. शंभराव्या दिवशी तो एक ओळ चुकीची टाइप करतो, एंटर दाबतो आणि स्क्रीन गोठते. राउटर चालू आहे, पण त्याच्याकडे जाणारी वाट त्याच आदेशाने बंद झाली. या धंद्यात असा ‘स्वतःला बाहेर कोंडून घेण्याचा’ प्रसंग न आलेला माणूस क्वचितच भेटेल. ज्युनिपर कंपनीच्या राउटरवर यासाठी एक छान सोय आहे: बदल ‘कमिट कन्फर्म्ड’ असा केला, तर दहा मिनिटांत पुन्हा होकार न मिळाल्यास राउटर आपोआप जुन्या सेटिंगवर परततो. फुकटचा विमा आहे हा, आणि तरी लोक तो घेत नाहीत.

आदेश आणि वाहतूक एकाच तारेवर ठेवण्याचे तोटे जगाला इंटरनेटच्या आधी टेलिफोनने शिकवले. अमेरिकेत लांब पल्ल्याची लाइन मोकळी आहे हे सांगायला २६०० हर्ट्‌झचा एक सूर वापरत, आणि तो सूर संभाषणाच्याच वाहिनीवरून जाई. मग काय, ज्याला तो सूर काढता आला त्याने एक्स्चेंजला फसवावं आणि फुकट फोन करावेत! कॅप्टन क्रंच नावाच्या न्याहारीच्या खोक्यात मुलांसाठी मिळणारी एक शिट्टी नेमका हा सूर काढायची. जॉन ड्रेपर या पठ्ठ्याने त्या न्याहारीचंच नाव स्वतःला लावलं. अ‍ॅपल काढण्याआधी स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक आणि स्टीव्ह जॉब्ज असे सूर काढणाऱ्या ‘ब्लू बॉक्स’ पेट्या विकत. १९७६पासून एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीने आदेशांसाठी स्वतंत्र वाहिनी आणायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे एसएस७ ही पद्धत जगभर पसरली. शिट्टीचा खेळ संपला.

पण एसएस७चा पुढचा अध्यायही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या वेगळ्या वाहिनीवर जो कोणी बोलतो तो आपलाच माणूस, असं ती बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. २०१७मध्ये जर्मनीत चोरांनी त्याच वाहिनीतून लोकांचे बँकेचे ओटीपी आपल्याकडे वळवले आणि खाती रिकामी केली. वाट वेगळी केली म्हणून ती सुरक्षित होत नाही. याकडे पुन्हा येऊ.

आता प्रत्यक्ष सामान. राउटर किंवा स्विचला नेटवर्कच्या पोर्टखेरीज एक कन्सोल पोर्ट असतो. त्यात सिस्कोची ती प्रसिद्ध फिकट निळी चपटी केबल जाते. तिच्यावरून फक्त अक्षरं वाहतात, तीही ९६०० बॉड इतक्या कासवगतीने. मुळाशी आहे आरएस-२३२ हे १९६०चं प्रमाण. एवढं जुनं तंत्र आजच्या लाखो रुपयांच्या यंत्रांवर का टिकलं? कारण त्याला काहीच लागत नाही. आयपी पत्ता नको, रूट नको, नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा नको. ऑपरेटिंग सिस्टिम बिघडून राउटर अर्धवट सुरू झाला, तरी कन्सोलवर त्याचा शेवटचा हुंदका वाचता येतो. ज्या दिवशी सगळं सुरळीत असतं त्या दिवशी ही केबल हास्यास्पद वाटते.

एका रॅकमधल्या वीस-पंचवीस यंत्रांच्या अशा केबल्स एका पेटीत आणतात, तिला कन्सोल सर्व्हर म्हणतात. पूर्वी या पेटीला टेलिफोनचा मॉडेम जोडलेला असे; आता बहुतेक ठिकाणी आत फोर-जीचं सिम असतं. शाखेची मुख्य लाइन तुटली, की अ‍ॅडमिन मोबाइलच्या जाळ्यातून या पेटीत शिरतो आणि तिथून निळ्या केबलने राउटरच्या कन्सोलवर. जोडीला दुरून बंद-चालू करता येणारी वीजपट्टी असली, की गोठलेलं यंत्र झोपेतून उठवायला रात्री दोनला कोणाला गाडी काढावी लागत नाही.

सर्व्हरची तऱ्हा निराळी. आजच्या बहुतेक सर्व्हरमध्ये एक दुसरा, छोटा संगणक दडलेला असतो. त्याला बीएमसी म्हणतात. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ. त्याचा प्रोसेसर स्वतःचा, मेमरी स्वतःची, बऱ्याचदा नेटवर्कचा पोर्टही स्वतःचा. सर्व्हर बंद असला तरी प्लग लावलेला आहे तोवर हा जागा असतो. मुंबईत बसून दुसऱ्या खंडातला सर्व्हर चालू करणं, त्याचा स्क्रीन अगदी पहिल्या ओळीपासून पाहणं, आपल्या लॅपटॉपवरची फाइल त्याला सीडी म्हणून भासवून कोरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं, हे सगळं या छोट्या संगणकामुळे होतं. १९९८मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय हे त्याचं प्रमाण आणलं. २०१५पासून रेडफिश नावाचं नवं प्रमाण त्याची जागा घेत आहे.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा या सोयीची किंमत कळली. ज्यांची यंत्रं सुरूच होत नव्हती, त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे असा दुसरा दरवाजा होता ते जागेवरून दुरुस्ती करू शकले. बाकीच्यांना यंत्रागणिक माणूस उभा करावा लागला.

सामान विकत घेता येतं. स्वतंत्रपणा विकत मिळत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

४ ऑक्टोबर २०२१. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम गेले आणि सहा तासांहून जास्त काळ परतले नाहीत. नेहमीच्या देखभालीतल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारा सगळा कणाच तोडला. असे आदेश तपासून अडवण्यासाठी एक प्रणाली होती. तिच्यातच बग होता. कणा तुटल्यावर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरनी ‘आपण आता विश्वासार्ह नाही’ असं ठरवून, शहाणपणाने, स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतलं. फेसबुकची ओओबी व्यवस्था नव्हती का? होती. कंपनीच्या पायाभूत सुविधांचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीरपणे लिहिलं, की मुख्य आणि ओओबी, दोन्ही मार्ग बंद पडले होते. डीएनएस गेल्यामुळे दुरुस्तीची अंतर्गत साधनंही निकामी झाली. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडलं, तर तिथलं हार्डवेअर मुद्दाम असं बांधलेलं, की समोर उभ्या माणसालाही त्यात सहज फेरफार करता येऊ नये. पोलादी पिंजरे ग्राइंडरने कापल्याची अफवा त्या रात्री खूप फिरली; ती खरी नव्हती. मात्र वाट पाहण्याची वेळ आली होती, हे खरं.

जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीची ही गत. तेव्हा ‘आमच्याकडे ओओबी आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. विचारायचं ते हे, की ती वाट कशाकशावर टेकलेली आहे. मुख्य लाइन ज्या कंपनीची, तिचंच सिम कन्सोल सर्व्हरमध्ये आहे का? असेल तर रॉजर्सच्या ग्राहकाचं जे झालं तेच होणार. कंपन्या वेगळ्या असल्या तरी दोघींच्या फायबर एकाच चरातून गेल्या आहेत का? रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला केबलवरची नावं वाचता येत नाहीत. कन्सोल सर्व्हर आणि राउटर एकाच यूपीएसवर आहेत का? ओओबीत लॉग इन करताना पासवर्ड तपासणारा सर्व्हर मुख्य जाळ्यात बसला आहे का? असेल, तर पेटी जिवंत असूनही ती तुम्हाला ओळखणार नाही. आणि यंत्रांचे पत्ते ज्या फाइलमध्ये लिहिलेत, ती फाइल कुठे आहे?

शेवटचा प्रश्न कोणाला पोरकट वाटेल. गूगलच्या अभियंत्यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुरक्षेवरच्या पुस्तकात एक किस्सा स्वतःच सांगितला आहे. सप्टेंबर २०१२मध्ये कर्मचाऱ्यांच्या बसचा वायफाय पासवर्ड बदलल्याची सूचना साऱ्या कंपनीत गेली. एकाच वेळी हजारो लोक पासवर्ड साठवणाऱ्या अंतर्गत प्रणालीवर तुटून पडले आणि ती कोसळली. पुन्हा चालू करायला एक स्मार्ट कार्ड लागत होतं, आणि कार्डं वेगवेगळ्या देशांतल्या तिजोऱ्यांत होती. ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्याला तिजोरी उघडता येईना, कारण तिचा आकडा त्याच कोसळलेल्या प्रणालीत साठवलेला! शेवटी तिथे ड्रिल आणावं लागलं. कॅलिफोर्नियात एकाला आकडा पाठ होता म्हणून तिथली तिजोरी उघडली, पण कार्ड चालेना. आणखी तासाभराने लक्षात आलं की ते उलटं घातलं आहे. इतका प्रामाणिक किस्सा छापल्याबद्दल त्या लेखकांचं कौतुक करायला हवं. बहुतेक कंपन्या असलं काही कपाटात ठेवतात.

पेटीतलं सिम ज्याच्या भरवशावर, तो मोबाइलचा टॉवरही हवेवर चालत नाही. त्याला वीज लागते, मागे फायबर लागते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत रस्ते आणि लोकल थांबल्याच, फोनही लागेनासे झाले. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज डेटा सेंटरांची दाटी आहे. तसा दिवस पुन्हा आला, तर ठाण्याहून अर्ध्या तासात पोचणाऱ्या इंजिनिअरवर बेतलेली योजना कागदावरच राहील. म्हणून मोठ्या संस्था ओओबीसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवतात, काही जण उपग्रहाची जोडणी घेतात, आणि डेटा सेंटरमध्ये चोवीस तास हजर असलेल्या तंत्रज्ञांची सेवाही पैसे भरून घेऊन ठेवतात.

आता सुरक्षेची बाजू. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५च्या आज्ञापत्रात दुर्गबांधणीचा एक नियम आहे: गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, म्हणून जास्तीचे दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. पहिला अर्धा नियम नेटवर्कवाल्यांनी मनापासून पाळला. दुसऱ्याचा मात्र विसर पडला.

बीएमसी ऑपरेटिंग सिस्टिमच्या खालच्या मजल्यावर राहतो. म्हणजे त्यात शिरलेला चोर अँटिव्हायरसला दिसत नाही, आणि डिस्क पुसून सगळं नव्याने टाकलं तरी तो जात नाही. २०१३मध्ये डॅन फार्मर या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलं, की आयपीएमआयच्या २.० आवृत्तीत समोरच्याने नुसतं वापरकर्त्याचं नाव सांगितलं, तरी सर्व्हर त्या वापरकर्त्याच्या पासवर्डपासून बनवलेला हॅश, म्हणजे त्याचा सांकेतिक ठसा, विचारणाऱ्याच्या हाती देतो. मग चोराने घरी बसून निवांत पासवर्ड शोधावा. हा दोष प्रमाणातच लिहिलेला, त्यामुळे त्यावर पॅच काढता येत नाही. २०१७मध्ये एचपीईच्या आयएलओ-४मध्ये याहून भन्नाट प्रकार निघाला: विनंतीच्या एका रकान्यात इंग्रजी ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहिलं की पासवर्डाची गरजच उरत नसे. २०२१च्या अखेरीस एका इराणी सुरक्षा कंपनीने आयएलओमध्येच बिऱ्हाड करून राहिलेलं एक रूटकिट उजेडात आणलं. मालकाने फर्मवेअर अपडेट केलं की ते अपडेट गुपचूप हाणून पाडायचं आणि ‘यशस्वी झालं’ असं दाखवायचं, अशी त्याची रीत. २०२५मध्ये अनेक उत्पादकांच्या सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या मेगारॅक या बीएमसी सॉफ्टवेअरमध्ये दहापैकी दहा तीव्रतेची त्रुटी जाहीर झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची नोंद केली.

या सगळ्या गोष्टींत एक धागा समान आहे. वाट वेगळी असणं आणि ती साऱ्या जगाला उघडी असणं, या दोन बाबतींत लोक गल्लत करतात. कन्सोल सर्व्हरच्या सिमला सार्वजनिक पत्ता देऊन, कारखान्यातून आलेलाच पासवर्ड ठेवून मोकळं होणं म्हणजे मुख्य दरवाजावरच्या महागड्या फायरवॉलचा खर्च पाण्यात घालणं. जून २०२३मध्ये सिसाने अमेरिकी सरकारी खात्यांना आदेशच काढला: इंटरनेटवर उघडं असलेलं व्यवस्थापनाचं प्रत्येक तोंड कळल्यापासून १४ दिवसांत बंद करा, किंवा त्याच्यापुढे ओळख तपासणारा कडक पहारा बसवा. तरीही त्याच संस्थेने डिसेंबर २०२४मध्ये, सॉल्ट टायफून या चीनशी जोडल्या गेलेल्या हल्लेखोरांनी दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केल्यानंतर, राउटरांसाठी प्रत्यक्ष वेगळं ओओबी जाळं उभारण्याची शिफारस केली. आदेश आणि शिफारस यांत विरोध नाही. दिंडी ठेवा, उघडी टाकू नका.

कसं, ते थोडक्यात. कन्सोल सर्व्हरच्या पेटीने स्वतःहून बाहेर व्हीपीएन जोडावं, बाहेरच्याला आत हाक मारण्याची सोयच नसावी. लॉग इनला पासवर्डाबरोबर दुसरा पुरावा लागावा. मुख्य जाळं मेलेलं असताना वापरायचं एक राखीव खातं असावं, त्याचा पासवर्ड कागदावर, सीलबंद पाकिटात. ओओबीच्या एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात उडी मारता येऊ नये. कोण कधी शिरलं याची नोंद दुसरीकडे साठावी. आणि बीएमसीचं फर्मवेअर अपडेट करावं, हे सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम.

तुमची संस्था बँक असो, साखर कारखाना असो की चार शाखांची पतपेढी, तिच्या आयटीवाल्याला एक विनंती करून पाहा. रविवारी रात्री, आगाऊ कळवून, मुख्य लाइनची केबल हाताने उपटायला सांगा, आणि घरी बसून, ऑफिसच्या वायफायशिवाय, राउटरमध्ये शिरायला सांगा. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच खेपेला कळेल, की सिमचं रिचार्ज कधीच संपलं आहे.